सोडायचे, पण कोठे?

अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या नैर्ऋत्येला वंडूर नावाचे गाव आहे. तेथील धक्क्यावरून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटाकडे होडी जाते. हे उद्यान 1983 साली स्थापन झाले. बेटाजवळ पोहोचल्यावर तळाला काच बसवलेल्या लहान होडीत बसून खालची प्रवाळभित्ती पाहता येते. महाविद्यालयातून निवृत्त झाले त्या वर्षी मी तेथे गेले होते. 31 वर्षे प्राणिशास्त्र शिकवताना ज्या जीवाची आकृती फळ्यावर कितीदा तरी काढली होती, तो जिवंत पाहण्याचा योग त्या काचेतून आला.

प्रथम दिसले ते समुद्रपुष्प. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे, प्रवाळाचा आणि जेलीफिशचा नातलग. खडकाला तळव्याने घट्ट चिकटलेला, मध्यभागी तोंड आणि भोवती बोटांएवढी मऊ शुंडके. पाण्याच्या हेलकाव्यासरशी ती सारी एका दिशेला झुकत होती आणि पुन्हा माघारी येत होती. पाहणाऱ्याला भाताच्या शेतावरून वारा गेल्यासारखे वाटावे. त्या शुंडकांच्या त्वचेत मात्र असंख्य दंशकोशिका दडलेल्या असतात. एखादा मासा चुकून घासला की प्रत्येक कोशिकेतून विषारी सूक्ष्म धागा सुटतो आणि मासा लुळा पडतो. आणि त्याच शुंडकांच्या मधोमध, अंथरुणात लोळावे तसे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे निवांत वावरत होते. इंग्रजीत यांना क्लाउनफिश म्हणतात, मराठीत विदूषक मासा. मला हे नाव आवडत नाही. त्यांच्या वागण्यात विदूषकी काही नाही. उलट संसारी माणसाची काळजी आहे. आमच्या होडीची सावली पडताच त्यांतील मोठा मासा वर आला, काचेकडे तोंड करून थबकला, आणि सावली सरकेपर्यंत मागे हटला नाही. तो जेमतेम माझ्या मधल्या बोटाएवढा होता.

समुद्रपुष्पांच्या जाती हजाराहून अधिक आहेत, पण या माशांना आश्रय देणाऱ्या केवळ दहाच्या आसपास. माशांच्या जाती सुमारे तीस. तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरापर्यंत त्या पसरल्या आहेत. अटलांटिकमध्ये एकही नाही. हा मासा पोहण्यात मंद आहे, त्याचे पर गोलसर आहेत आणि त्याचा रंग दुरून ओळखू येणारा आहे. उघड्या पाण्यात मोठ्या माशाच्या तोंडी जाण्यास त्याला वेळ लागत नाही. म्हणून मोठा झाल्यावर तो आपल्या समुद्रपुष्पापासून काही हातांपलीकडे सहसा जात नाही. त्याचे सारे आयुष्य एका परातीएवढ्या जागेत जाते.

दंश त्याला का होत नाही, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारत. उत्तर त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरणात आहे. सियालिक आम्ल नावाचा एक पदार्थ बहुतेक माशांच्या या आवरणात असतो, आणि दंशकोशिका सुटण्यामागे त्याचा हात असावा असे मानले जाते. ओकिनावा येथील संशोधकांनी 2025 मध्ये दाखवून दिले की विदूषक माशाच्या आवरणात हा पदार्थ फारच थोडा असतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांत तो इतर माशांइतकाच असतो. पिलू मोठ्या माशाचे रूप घेते, पट्टे उमटतात, त्या सुमारास तो घटतो. तरीही पहिल्या भेटीत मासा एकदम आत शिरत नाही. तो शेपटीने हलकेच शिवतो, मागे सरतो, मग पोटाने शिवतो. हा परिचय कधी काही मिनिटांत होतो, कधी त्याला तास लागतात. फार दिवस समुद्रपुष्पापासून दूर राहिलेल्या माशाला परत आल्यावर दंश होऊ शकतो, आणि मग हा परिचय पहिल्यापासून करावा लागतो.

मासा समुद्रपुष्पाच्या उपयोगी पडतो. शुंडके कुरतडणाऱ्या फुलपाखरू माशांना तो हाकलून लावतो. समुद्रपुष्पाच्या शरीरात एकपेशीय शैवले राहतात, सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि यजमानाला त्यातील वाटा देतात. माशाच्या उत्सर्गातील अमोनिया या शैवलांचे खत होते. रात्री मासा शुंडकांत शिरून अंग हलवत राहतो, त्यामुळे तेथील पाणी खेळते राहते आणि समुद्रपुष्पाला प्राणवायू अधिक मिळतो.

मुलांच्या पुस्तकांत या सगळ्याला मैत्री म्हटलेले असते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासाठी काही करत नाही, हे शिक्षिका म्हणून मला सांगावेच लागते. मासा आपले घर राखतो, आणि ते घर जिवंत असल्यामुळे त्याचेही राखण होते. आपल्या जैन प्रतीकाच्या तळाशी जीवांच्या परस्पर उपकाराविषयीचे जे वचन असते, ते तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातील आहे. त्याचा अर्थ प्रेमाने एकमेकांना मदत करा असा उपदेश म्हणून अनेकदा सांगितला जातो. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत मात्र स्वामी आणि सेवक, आचार्य आणि शिष्य अशी उदाहरणे दिली आहेत. स्वामी धन देतो, सेवक हिताचे करतो आणि अहिताचे टाळतो. तेथे भावनेचा आग्रह नाही. जीव जीवाला निमित्त होतो, ही वस्तुस्थिती नोंदवली आहे. त्या सूत्राचा हा अर्थ मला जॉली बॉयच्या काचेतून जितका स्पष्ट दिसला तितका व्याख्यानातून कधी दिसला नव्हता.

आणि या घरातील कुटुंबव्यवस्था! एका समुद्रपुष्पात बहुधा एक जोडपे आणि त्यांच्याहून लहान दोन-चार मासे असतात. पाहणाऱ्याला ती आईबाप आणि मुले वाटतात, पण लहान माशांचे त्या जोडप्याशी रक्ताचे नाते नसते. ते बाहेरून आलेले, रांगेत उभे असलेले उमेदवार असतात. सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालोखाल नर, आणि मग उरलेले उतरत्या क्रमाने. पापुआ न्यू गिनीत पीटर बस्टन यांनी दाखवले की खालचा मासा आपली वाढच आवरून धरतो. वरच्याच्या आकाराच्या फार जवळ गेला तर त्याला हाकलून दिले जाते, आणि बाहेर मृत्यू उभा असतो. मादी मेली की नर काही आठवड्यांत मादी होतो आणि रांगेतील पहिला उमेदवार नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी 1977 मध्ये हे प्रसिद्ध केले. 2003 च्या त्या प्रसिद्ध चित्रपटात आई गेल्यावर बाप पोराला शोधत समुद्र पालथा घालतो. प्रत्यक्षात तो बाप एव्हाना मादी झाला असता.

(ही गोष्ट मी आमच्या स्वाध्यायमंडळात सांगितली. द्रव्यवेद आणि भाववेद यांच्या विवेचनात या माशाला कोठे बसवायचे, यावर दोन रविवार चर्चा झाली. तिसऱ्या रविवारी पंडितजींनी पुढचा विषय घेतला.)

या सर्व ज्ञानाची परीक्षा गेल्या भाद्रपदात आमच्याच घरी झाली. मुलाचे एक मित्र नोकरीनिमित्त सहकुटुंब परदेशी गेले. जाताना त्यांनी खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी आणि तिच्यातील विदूषक माशांची जोडी आमच्या नातीच्या स्वाधीन केली. पाठोपाठ दशलक्षण पर्व आले. मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, आणि संध्याकाळी आरतीनंतर घरी त्याची उजळणी, हा आमचा क्रम. सासूबाईंचे वय 88. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "जीव कोंडून ठेवलेल्या घरात पर्व कसे करायचे?" सूनबाईने तोड सुचवली. पर्व संपताच आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाऊ आणि दोघांना समुद्रात सोडून देऊ. खाटकाकडील बकरे सोडवणे, पिंजऱ्यातील पाखरे मोकळी करणे ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घरातील सर्वांना विचार पटला.

मी नको म्हटले. रत्नागिरीचा समुद्र भाद्रपदात गढूळ आणि खवळलेला असतो. पावसाळी नद्यांचे पाणी त्यात मिसळत असते. या माशांना लागते ते समुद्रपुष्प तेथे शोधून कोण देणार? ज्या हाताने सोडायचे, त्याच हाताने ते दोन जीव पहिल्या भुकेल्या माशाच्या तोंडी दिल्यासारखे होईल. शिवाय टाकीतील रोगजंतू समुद्रात जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. "मग त्यांच्या खऱ्या घरी नेऊन सोडा," त्या म्हणाल्या. नात लगेच म्हणाली, "आजी, अंदमानला जाऊ या!"

हा प्रश्न मला कठीण गेला, कारण तो बरोबर होता. पण प्रवाळभित्तीवर आश्रयाला योग्य असे समुद्रपुष्प सहसा रिकामे नसते. जेथे जोडपे आहे, तेथे परके मोठे जोडपे क्षणभरही टिकू दिले जात नाही. लहान पिलाला रांगेच्या शेवटी जागा मिळू शकते, वाढलेल्याला नाही. राष्ट्रीय उद्यानात बाहेरचे प्राणी सोडताही येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

त्यातही ते घर आज सुखरूप आहे असे नाही. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले की समुद्रपुष्पातील शैवले निघून जातात आणि ते पांढरेफटक पडते. 2010 मध्ये अंदमानातील प्रवाळांवर हे मोठे संकट आले होते. फ्रेंच पॉलिनेशियातील मोरिआ बेटावर 2016 च्या उष्म्यात पांढऱ्या पडलेल्या समुद्रपुष्पांतील माशांचे अंडी घालणे 73 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पापुआ न्यू गिनीतील किंबे उपसागरात 2023 च्या उष्णतेच्या लाटेत 134 माशांची दर महिन्याला मोजणी केली गेली. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मासे लांबीने चक्क आखूड झाले. जे आखूड झाले ते जगण्याची शक्यता अधिक होती, आणि जोडप्याने बरोबरीने आकसले तर आणखी अधिक. नातीला मी हे वाचून दाखवले तेव्हा तिने उठून पट्टी आणली आणि टाकीच्या काचेला लावून पाहिली.

सातव्या दिवशी सातवा अध्याय आला. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध आहे, म्हणजे जीवाला बांधून, कोंडून ठेवणे. शेवटचा आहे अन्नपाननिरोध, त्याचे अन्नपाणी तोडणे. आमच्या दिवाणखान्यात हे दोन्ही प्रश्न समोरासमोर उभे होते. बंध तर उघडच होता. अन्नाची अडचण त्याहून बिकट निघाली. माशांच्या खाद्याच्या डबीवर घटकांची यादी होती आणि तिच्यात पहिलेच नाव माशांच्या भुकटीचे होते. निसर्गात हा मासा तरंगते सूक्ष्म प्राणी आणि शैवले दोन्ही खातो. नुसत्या शैवलावर त्याला वर्षानुवर्षे सुदृढ ठेवण्याची खात्री मला कोणी देईना. सून म्हणाली, असली वस्तू आपल्या घरात विकत आणायची? मुलगा गप्प राहिला. निवाडा सासूबाईंनी केला. "त्याचे अन्न त्याच्या जातीचे आहे," त्या म्हणाल्या. "आपले व्रत आपण पाळायचे. त्याला उपाशी ठेवून आपले पुण्य कसे वाढेल?" तेव्हापासून ती डबी टाकीखालच्या कपाटात असते. स्वयंपाकघरात तिला प्रवेश नाही, आणि खाद्य घालणाऱ्याने हात धुतल्याशिवाय देवघराकडे वळायचे नाही.

किनाऱ्यावरील एका संस्थेकडे विचारणा केली. रोगाच्या भयाने तेथे बाहेरचे मासे घेत नाहीत, असे उत्तर आले. मग दोघांना ठेवून घ्यायचे ठरले, आणि घरात यापुढे एकही नवा जीव विकत आणायचा नाही हेही ठरले. दुकानातील असे मासे पैदासकेंद्रातले की समुद्रातून धरलेले, हे बहुतेकदा सांगता येत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे या माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, त्यामुळे समुद्रावरचा भार हलका होऊ शकतो. फिलिपीन्स आणि इंडोनेशियात शोभेचे मासे पकडताना प्रवाळांच्या कपारींत सायनाइड फवारण्याचा प्रकार अनेक वर्षे चालत आला आहे. त्या मानाने पैदासकेंद्र केव्हाही बरे. पण पैदाशीचा असला तरी बंध तो बंधच, हे माझे मत आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी नातवंडे या माशासाठी हट्ट धरून बसली असतील, त्यांनी त्यांना हे अवश्य सांगावे की हा मासा चार दिवसांचा पाहुणा नव्हे. टाकीत तो वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत, आणि समुद्रातील त्याच्या एका भाऊबंदाच्या माद्यांचे आयुष्य तीस वर्षांपर्यंत असावे असा अंदाज आहे.

माघ महिन्यात टाकीतील उपड्या मातीच्या कुंडीवर नारिंगी ठिपके दिसले. ती अंडी होती. समुद्रात ती समुद्रपुष्पाच्या पायथ्याशी खडकावर घातली जातात, शुंडकांच्या छायेत. येथे छाया नव्हती, तरी नर तेथून हलला नाही. परांनी वारा घालावा तसे पाणी खेळवत, तोंडाने अंडी स्वच्छ करत, मेलेली वेचून काढत तो आठ दिवस राबला. मादी टाकीभर फेरी घालून राखण करी. आठव्या रात्री, दिवे मालवल्यावर, पिले बाहेर पडली. समुद्रात ती सुमारे दहा-बारा दिवस प्रवाहात तरंगतात आणि मग एखादे समुद्रपुष्प गाठतात. किंबे बेटावरच्या एका अभ्यासात अशा परतलेल्या पिलांपैकी साठ टक्के पिले त्याच बेटावर जन्मलेली निघाली. इतक्या अफाट पाण्यात ती आपल्या बेटाला कशी धरून राहतात, हे मला आजही अद्भुत वाटते. आमच्या टाकीत त्यांना प्रवाह नव्हता आणि त्यांच्या तोंडात मावेल असे जिवंत सूक्ष्म अन्नही नव्हते. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ती काचेच्या सुईएवढी पिले दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाहीशी झाली. सासूबाई टाकीसमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि मग त्या सामायिकाला गेल्या.

जोडी वेगळी करावी का, असे सूनबाईने विचारले. पुन्हापुन्हा असे जन्म आणि असे मरण पाहवत नाही, हे तिचे म्हणणे खरे होते. पण वेगळा ठेवलेला नर काही महिन्यांत मादी होईल, आणि हा बदल उलट फिरत नाही. पुढे कधी एक टाकी बंद करावी लागली तर दोन माद्या एकत्र नांदणार नाहीत. एक दुसरीला मारील. त्यामुळे जोडी एकत्रच आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी कुंडीवर नवी अंडी दिसतात. पैदास करणाऱ्या एका जाणकाराशी मुलाचा पत्रव्यवहार चालू आहे. उबण्याच्या आदल्या दिवशी अंड्यांसकट कुंडीच त्याच्याकडे पोहोचवता येईल का, आणि त्या पिलांचे पुढे काय होईल, या दुसऱ्या प्रश्नावर आमचे घर अजून एकमत झालेले नाही.

पाण्याची क्षारता आणि तापमान रोज वहीत लिहिले जाते. नात पुढील वर्षी शिकायला बाहेरगावी जाईल, म्हणून ते काम तिने आतापासूनच मुलाला शिकवले आहे. त्याचे वय 44 आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिने जबाबदारीची नावे क्रमाने लिहिली आहेत. पहिले बाबांचे, दुसरे आईचे, तिसरे तिचे स्वतःचे आणि चौथी ओळ कोरी.